धोत्र्यांचा आडवा घाव

हॅमिल्टनच्या पूर्वेला, पोलादाच्या कारखान्यांची धुराडी जिथून दिसतात त्या गल्लीत, भाऊसाहेब धोत्रे राहतो. त्याच्या गॅरेजच्या दाराशी एक घण उभा असतो. बारा पौंडी. दांडा घामानं काळा पडलेला. शेजारी लोक गॅरेजात सायकली ठेवतात, विंटर टायर रचून ठेवतात. भाऊसाहेबाकडंही ते सगळं आहे, पण त्याच्या गॅरेजात शिरायचं तर घणाला वळसा घालून.

गल्लीतली माणसं म्हणतात, हा माणूस रागीट. खोटं नाही ते. पण राग काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. पाच वर्षांपूर्वी एका फोनवर तो रुजला, आणि ज्या तोंडानं भाऊसाहेब दुसऱ्यांना शिव्या घालायचा, त्याच तोंडानं त्या फोनवर तो स्वतः काय बोलला होता, हे कबूल करायला त्याला तेवढी वर्षं लागली.

धोत्र्यांचं घर संगमनेराकडचं. खाणीत दगड फोडणारं. बाप फोडायचा, आजा फोडायचा, आजी मांडीशी पोर घेऊन खडी फोडायची. तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या जोत्याचा दगड धोत्र्यांच्या घणाखालून गेला, आणि त्यातल्या एकाही घरानं त्यांना ओट्यावर बस म्हटलं नाही. भाऊसाहेबाची बायको प्रमिला शिकली, नर्स झाली, आणि तिच्या जिवावर सगळे कॅनडात आले. ती हॅमिल्टनच्या इस्पितळात लागली. भाऊसाहेबानं हातात होतं तेच काम धरलं. जुने ड्राइव्हवे, मोडक्या बागभिंती, घरांचे पाये. जिथं यंत्र शिरत नाही तिथं भाऊसाहेबाला बोलावतात.

मुलगा राजस आला तेव्हा सात वर्षांचा होता. बाराव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत तो बापाबरोबर कामावर जाऊ लागला, आणि बापानं त्याला घरातला आडवा घाव दाखवला.

उभा घाव कुणीही मारतो. घण वर न्यायचा आणि सोडायचा, पुढचं काम वजनच करतं. आडवा घाव अवघड. खाणीत उभ्या कातळाच्या पोटात पाचर ठोकायची तर घण कमरेच्या उंचीवर आडवा फिरवावा लागतो. धोत्र्यांची रीत अशी, की आधी सगळा भार मागच्या पायावर घ्यायचा, पुढचा पाय गुडघ्यात दुमडून वर उचलायचा, पार बगळ्यासारखा, आणि मग तो पाय जमिनीवर पडताना कंबर फिरवायची. हात सगळ्यात शेवटी येतात. "हातानं मारशील तर संध्याकाळी हात गळतील," भाऊसाहेबाच्या बापानं त्याला सांगितलं होतं. "जमिनीकडून जोर माग. जमीन देती."

राजसनं जमिनीकडून जोर मागितला. पंधराव्या वर्षी तो एका म्हाताऱ्या इटालियनाच्या परसातली भिंत पाडत होता. म्हाताऱ्याचं नाव व्हिटो. आयुष्यभर कारखान्यात राबला आणि रविवारी पोरांना बेसबॉल शिकवला. खुर्ची टाकून तो अर्धा तास बघत बसला. मग घरात गेला आणि लाकडी बॅट घेऊन आला.

"घण ठेव. हे धर. तसंच मार, काही बदलू नको."

त्यानं जुना चेंडू हळूच फेकला. राजसचा पाय वर गेला, खाली आला, आणि चेंडू तीन परसं ओलांडून कुणाच्या तरी टमाट्याच्या वाफ्यात पडला.

"मामा मिया," व्हिटो म्हणाला. मग भाऊसाहेबाकडं वळून, "ह्या पोराला भिंती पाडायला लावतोस?"

"भिंतीच पाडून शिकला तो," भाऊसाहेब म्हणाला.

तिथून गाडी सुटली. शाळेचा संघ, मग शहराचा, मग प्रांताचा. मराठी मंडळात लोक विचारायचे, "बेसबॉल? अहो, क्रिकेट तरी! आणि अभ्यासाचं काय?" मंडळाचा अध्यक्ष परीक्षित, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, गणपतीच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "धोत्रे, मुलाला कोडिंग शिकवा. दांडू फिरवून काय मिळणार?" लोक हसले. भाऊसाहेबानं पानातला मोदक संपवला आणि उठला. तो मोदक त्याच्या घशात अजून आहे.

अठराव्या वर्षी राजसला एका मोठ्या क्लबनं निवडलं. निवडलं म्हणजे वर पोचला असं नाही. ह्या खेळात मेजर लीग ही माडी. खाली चार-पाच पायऱ्या, लहान लहान गावांतले संघ, बसचे प्रवास. शेकडो पोरं त्या पायऱ्यांवर बसून म्हातारी होतात. हिवाळ्यात सराव करायला क्लबनं राजसला देशाच्या पार पश्चिम टोकाला, बर्नाबीला धाडलं. तिथं कर्टिस नावाच्या एका नामांकित फलंदाजी शिक्षकाचं गोदामाएवढं सराव केंद्र होतं. जाळ्या, कॅमेरे, चेंडू फेकणारी यंत्रं, भिंतभर आकडे.

तिसऱ्याच आठवड्यात राजसचा फोन आला. भाऊसाहेब ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. हातमोजा दातानं काढून त्यानं फोन घेतला.

"बाबा, कोच म्हणतात पाय उचलायचा नाही. टू मच मूव्हमेंट. पाय खाली ठेवायचा, स्विंग शॉर्ट करायचा. मला ते बरोबर नाही वाटत. काय करू?"

आणि भाऊसाहेब म्हणाला, "गुरू सांगंल ते करायचं. उलट बोलायचं नाही. आपल्या घरात कुणी मास्तराला उलट बोललं नाही."

"पण बाबा, तुम्हीच शिकवलंय ना?"

"मी दगडफोड्या. ते सर हायेत. गप ऐक."

राजसनं "बरं" म्हटलं. पोरगं आज्ञाधारक. एवढं बोलून भाऊसाहेबानं फोन खिशात टाकला आणि राहिलेला बर्फ काढला, आणि त्याला बरंही वाटलं. आपण पोराला वळण लावलं, असं त्याला वाटलं. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर उभं केलं, त्या घराला मास्तर म्हणजे देव. शिकलेला माणूस सांगतो तेच खरं, आपल्या हाताला कळतं ते काही खरं नाही. भाऊसाहेबानं आपल्या बापाचा घाव एका वाक्यात मोडून टाकला, आणि मोडल्याचं त्याला कळलंही नाही.

दोन उन्हाळे गेले. राजसचा चेंडू हवेत जायचा बंद झाला. जमिनीवर घरंगळायचा, लंगड्या कोंबडीसारखा. सर्वांत खालच्या पायरीवरसुद्धा त्याला रोज खेळवेनात. भाऊसाहेब बेसमेंटमध्ये बसून फोनवर ते सामने बघायचा आणि पंचाला, पिचरला, क्लबला, हवेला शिव्या द्यायचा. एकदा प्रमिला ड्यूटीवरून आली, जिन्यात उभी राहून तिनं पाच मिनिटं ऐकलं.

"सगळ्यांना देऊन झाल्या?" ती म्हणाली. "एक माणूस राहिला तुमचा."

"कोण?"

"तुम्हीच शोधा. मी चहा टाकते."

तिसऱ्या जानेवारीत क्लबनं राजसला कळवलं की ह्या वसंतात बॅट चालली नाही तर घरी जा. राजसनं ते आईला सांगितलं, बापाला नाही. प्रमिलानं रात्रपाळीला जाताजाता, बूट चढवत, ते भाऊसाहेबाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो विमानात होता. प्रमिलाला म्हणाला, बघून येतो फक्त.

बर्नाबीला पाऊस लागला होता. गोदामात शिरताना भाऊसाहेबानं पायपुसण्यावर बूट तीनदा पुसले. कर्टिसला त्यानं "सर" म्हटलं. कर्टिस उमदा, हसरा माणूस, चाळिशीचा. त्यानं भाऊसाहेबाचा हात हलवला, कोपऱ्यातलं बाकडं दाखवलं, आणि कामाला लागला.

भाऊसाहेब बघत बसला. जाळीच्या आत त्याचं पोर उभं होतं, दोन्ही पाय जमिनीला खिळलेले, बॅट हातानं ओढत होतं. नुसत्या हातानं. खाणीत नवखा मजूर मारतो तसं. खांदे आखडलेले, मान पडलेली. यंत्र चेंडू फेकत होतं, चेंडू बॅटला लागून पायाशी पडत होता, आणि भिंतीवरचा आकडा बघून कर्टिस म्हणत होता, "गुड, गुड. क्विक हँड्स."

अर्धा तास भाऊसाहेबानं दम धरला. मग तो उठला, आणि संगमनेराच्या खाणीत ह्या कातळावरून त्या कातळावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पाय उचल, मुडद्या!"

पोर दचकलं. दचकल्यावर माणूस शिकवलेलं विसरतो. राजसचा पाय वर गेला, बगळ्यासारखा, आणि पुढचा चेंडू जाळीच्या वरची कडी उपटून छताच्या पत्र्यावर आदळला. गोदामभर पत्रा वाजत राहिला. बाकीची पोरं थांबली.

कर्टिस शांतपणे आला. "सर, पालकांनी बाहेर थांबायचं असतं."

"मी बाहेरच होतो," भाऊसाहेब म्हणाला. इंग्रजी त्याचं मोडकं, पण एवढं बोलायला पुरलं. "दोन वर्षं बाहेर होतो." आणि राजसला मराठीत, "बॅग उचल. उद्यापासून पाय वर. मी सांगतो म्हणून."

राजसनं कर्टिसकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि बॅग उचलली.

त्या वसंतात बॅट चालली. उन्हाळ्यात राजस एक पायरी चढला, पुढच्या उन्हाळ्यात दोन. त्याच्याही पुढच्या वर्षी ऑगस्टात एका सकाळी भाऊसाहेब कुणाच्या तरी परसात गुडघाभर खड्ड्यात उभा होता आणि फोन वाजला. राजस नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "बाबा, वर बोलावलंय. मेजर्स. शुक्रवारी टोरोंटोत मॅच आहे आमची. तुम्ही या."

भाऊसाहेब खड्ड्यातच बसला. घरमालकीण पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हाचं काही झालं.

शुक्रवारी ते दोघं वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांत बसले. प्रमिलानं डब्यात पोळी-भाजी आणली होती, ती सुरक्षावाल्यानं दोनदा हुंगली. राजस दुसऱ्या संघाकडून, म्हणजे सगळं मैदान त्याच्या विरुद्ध. पहिल्या तीन वेळा तो बाद झाला, बॅट हवेतच फिरली. मागचा कुणीतरी बिअर पीत ओरडला, "ह्याचा पाय बघा, कुत्रा खांबाशी उभा राहतो तसा!" भाऊसाहेब वळला. प्रमिलानं त्याचा शर्ट धरला.

"बसा. चौथी बारी आहे."

चौथ्या वेळी पाय वर गेला आणि तिथंच क्षणभर थांबला. भाऊसाहेबानं आपला उजवा तळवा जमिनीत रोवला. चेंडू कुंपण ओलांडून उजव्या हाताच्या प्रेक्षकांत, दुसऱ्या मजल्यावर जाऊन पडला. चाळीस हजार माणसं एकदम गप्प झाली. त्या गप्पपणात प्रमिलाची शिट्टी घुमली. तिला शिट्टी येते हे भाऊसाहेबाला लग्नानंतर पंचवीस वर्षांनी कळलं.

इथं गोष्ट संपली असती तर भाऊसाहेबाचा राग शांत झाला असता. पण दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कर्टिस दिसला. मागं तेच गोदाम, तीच जाळी. निवेदिकेनं विचारलं, हा विलक्षण पाय कुठून आला? कर्टिस हसला आणि म्हणाला, "त्या पायावर आम्ही दोन वर्षं मेहनत घेतली."

भाऊसाहेबानं हातातला कप खाली ठेवला. फार हळू ठेवला. प्रमिला म्हणते, फोडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

आणि नोव्हेंबरात मंडळाचा फोन आला. परीक्षितचाच. आवाजात साय. "भाऊसाहेब, आपल्या राजसचा सत्कार ठेवलाय! आपला मराठी मुलगा मेजर लीगमध्ये! आणि सरप्राइज म्हणजे, त्याचे गुरू कर्टिस ह्या वीकेंडला टोरोंटोत आहेत. तेही येतायत. गुरूंना शाल-श्रीफळ तुमच्या हस्ते. गुरुशिष्य परंपरा, यू नो."

आपला राजस. भाऊसाहेबाच्या घशातला मोदक पुन्हा हलला.

हॉलकडं जाताना गाडीत तो स्टिअरिंगवर बुक्क्या मारत बोलत होता. "त्या माणसाच्या अंगावर शाल घालायची? ज्यानं माझ्या बापाचा घाव छाटला? मी घालणार नाही, आणि तूही हात लावायचा नाहीस. पाया पडायचं नाही, फोटो काढायचा नाही. सांगून ठेवतो."

मागच्या सीटवर राजस बसला होता. गुडघे वर, एवढा मोठा बाप्या. हळू म्हणाला, "कर्टिस म्हणाला पाय खाली. मी ठेवला. तुम्ही म्हणालात पाय वर. मी उचलला. आता म्हणता शाल नको." तो पुढं वाकला. "पाय माझा आहे, बाबा. नोबडी एव्हर आस्क्ड मी. मी विचारलं होतं तुम्हाला. फोनवर. मला माहीत होतं काय बरोबर ते. आय जस्ट नीडेड वन वर्ड."

प्रमिला खिडकीबाहेर बघत होती. भाऊसाहेबाला पाच वर्षांनी राग नेमक्या जागी लागला. पाचर बसावी तसा. स्टिअरिंगवरची मूठ त्यानं उघडली.

हॉल गच्च भरला होता. ज्यांनी मोदकाच्या पंगतीत दात काढले होते, तेच आता राजसच्या दंडाला हात लावून बघत होते. स्टेजवर चार खुर्च्या, समोर तबकात शाल, नारळ. कर्टिस आला, सगळ्यांना वाकून नमस्कार करत, कुणीतरी शिकवलेला. परीक्षितनं माइकवर पाच मिनिटं गुरूचा महिमा सांगितला आणि शाल उचलून भाऊसाहेबापुढं धरली.

"आता राजसचे वडील गुरूंचा सन्मान करतील."

भाऊसाहेब उठला. शाल घेतली नाही. माइक घेतला. कितीतरी वाक्यं त्यानं घरी आरशापुढं घोटली होती, शिव्यांसकट. ती सगळी जिभेवर येऊन उभी राहिली. राजस त्याच्याकडं बघत होता. त्या दिवशी गोदामात बघत होता तसंच, बॅग उचलायच्या आधी.

"माझ्याकडं बघू नको," भाऊसाहेब म्हणाला. माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "पाय तुझा आहे. तू बोल."

आणि माइक त्याच्या हातात देऊन तो खाली बसला. घण पेलण्यापेक्षा ते जड गेलं.

राजसनं माइक दोनदा या हातातून त्या हातात घेतला. मग कर्टिसकडं वळून इंग्रजीत बोलला, सावकाश, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. "कोच, तुम्ही माझा पाय बंद केलात. दोन वर्षं. टीव्हीवर तुम्ही ते सांगितलं नाहीत. मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं आणि मी म्हटलं नाही, ती चूक माझी. पण शाल मी तुम्हाला घालणार नाही. हा पाय माझ्या पणजोबाचा आहे. ते दगड फोडायचे. माझे बाबा सोमवारी सकाळी सातला एक पायवाट फोडायला जाणारेत. तुम्ही या. बारा पौंडांचा घण आहे. एक दिवस मारा. मग आपण पायावर बोलू."

पुढच्या रांगेतली एक पोरगी फुस्सकन हसली. मग मागं दोघं हसले. कर्टिसचे कान तांबडे झाले होते. तो क्षणभर खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला, आणि म्हणाला, "सातला?"

"सातला," भाऊसाहेब म्हणाला. तो हसला नव्हता.

जेवणाच्या रांगेत परीक्षित त्याच्या कानाशी आला. "प्रोग्रॅमचा पचका केलात तुम्ही, धोत्रे."

"केला," भाऊसाहेब म्हणाला. "दांडू फिरवून हेच मिळतं. वरण कुठाय?"

शाल तबकातच राहिली. शेवटी कुणीतरी ती घडी घालून पिशवीत टाकली, पुढच्या पाहुण्यासाठी.

सोमवारी पहाटे दंव पडलं होतं. कर्टिस येईल असं भाऊसाहेबाला वाटलं नव्हतं. सातला पाच कमी असताना भाड्याची गाडी लागली आणि तो उतरला, हातात नवेकोरे चामडी मोजे, दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. पायवाटेच्या कडेला गुडघ्याएवढी जुनी काँक्रीटची भिंत होती. भाऊसाहेबानं खडूनं तिच्यावर एक फुली मारली आणि घण त्याच्या हातात दिला.

कर्टिसनं मारला. हातानं. घण भिंतीवरून उसळून मागं आला आणि तो स्वतःच अर्धा फिरला. भिंतीवर ओरखडा नाही. दुसरा मारला, तोंडातून वाफ, दात आवळलेले. तसाच. दहा मारले, बारा मारले. मनगटं थरथरायला लागली.

भाऊसाहेबाच्या छातीत तीच हाक भरून आली होती, जी त्यानं गोदामात मारली होती. त्यानं राजसकडं बघितलं. राजस खिशात हात घालून उभा होता, काही सांगत नव्हता. भाऊसाहेबानंही हाक गिळली.

सतराव्या की अठराव्या घावाला कर्टिस थकला. थकलेल्या हातांना घण पेलवेना, म्हणून अंग आपोआप मागं रेललं, भार मागच्या पायावर गेला, आणि त्याचा पुढचा बूट दंवावरून जरासा वर उचलला गेला. चार बोटं. त्याला स्वतःलाही कळलं नाही. घण भिंतीत बसला. फुलीपासून खालपर्यंत केसासारखी एक भेग गेली.

कर्टिसनं भेगेकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं. मग तो भाऊसाहेबाकडं वळला. तोंड उघडलं, काही बोलणार होता. बहुतेक माफी.

भाऊसाहेबाला ती नको होती. ती घेऊन ठेवणार कुठं? दोन वर्षं भरून यायची नव्हती, ना त्या माणसाच्या शब्दानं, ना स्वतःच्या. त्यानं भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. तिथपर्यंत चाळीस फूट होते.

"बोलू नका," तो म्हणाला. "अजून सगळी भिंत बाकी आहे."

मग दुसरा घण उचलून तो त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि पाय वर घेतला.